फिर्यादीविना चोरी : बालवाङ्मयातील चोरट्या शिकारीची रहस्यकथा

१

रहस्यकथेची इमारत फिर्यादीच्या पायावर उभी असते. कोणाचे तरी काही तरी नाहीसे होते, तो ते नाहीसे झाल्याचे सांगतो, आणि मग शोधाला प्रारंभ होतो. मुलांच्या टोळीने चोराचा माग काढावयाचा, ही कल्पना ज्या पुस्तकाने जगभर रूढ केली, त्या एरिश केस्टनर या जर्मन लेखकाच्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ या १९२९ सालच्या कादंबरीत ही रचना अगदी स्वच्छ दिसते. आजीकडे बर्लिनला निघालेल्या एमिलचे एकशेचाळीस मार्क आगगाडीत चोरीस जातात. ते त्याच्या आईने कष्टाने साठविलेले असतात. त्याने ते कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवलेले असतात, आणि अखेरीस नोटांवरील टाचणीची भोकेच ते पैसे त्याचे असल्याची साक्ष देतात. मालक, माल आणि मालकीची खूण या तिन्ही गोष्टी येथे जागच्या जागी आहेत. चोर तेवढा सापडावयाचा राहिलेला असतो.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. ब्रह्मपुत्रेच्या काठच्या उंच गवतात एक गेंडा मरून पडलेला आहे आणि त्याच्या नाकावरील शिंग कापून नेलेले आहे. ही चोरी आहे यात संशय नाही, परंतु ती कोणाची चोरी? कोणाचाही खिसा कापला गेलेला नाही, कोणाच्याही घराला भोक पडलेले नाही. ज्याचे गेले तो मेला, आणि तो जिवंत असता तरी त्याला ठाण्यावर जाऊन तक्रार नोंदविता आली नसती. फिर्यादी नाही, म्हणून रूढ अर्थाने रहस्यही नाही. असे असूनही गेल्या शतकाच्या उत्तरार्धात याच प्रसंगातून मुलांच्या रहस्यकथेची एक स्वतंत्र शाखा वाढली आणि ती आज अनेक भाषांत स्थिरावली आहे. ही शाखा उगवण्यासाठी आधी एक गोष्ट घडावी लागली : रानातील जनावराच्या वतीने कोणी तरी फिर्यादी व्हावे लागले. तो फिर्यादी मूल झाले. या कथांचा इतिहास म्हणूनच केवळ एका वाङ्मयप्रकाराचा इतिहास नाही. रानातील जनावर कोणाचे, या प्रश्नाला समाजाने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचाही तो इतिहास आहे.

२

या प्रश्नाचे जुने उत्तर रोमन कायद्याने देऊन ठेवले होते. मोकळे वन्य जनावर कोणाचेच नसते आणि जो प्रथम धरील त्याचे ते होते, हे ते उत्तर. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी साहसकथा याच गृहीतावर उभी आहे. मेन रीड याच्या ‘द बॉय हंटर्स’ या पुस्तकात (१८५३) लुइझियानातील तीन भाऊ पांढऱ्या गव्याचे कातडे मिळविण्यासाठी मैदानी प्रदेशात उतरतात. ते कातडे एका निसर्गशास्त्रज्ञाला हवे असते, तेवढ्यावर मोहिमेला ज्ञानाचे अधिष्ठान मिळते. बॅलंटाइन याच्या ‘द गोरिला हंटर्स’मध्ये (१८६१) त्याच्याच आधीच्या लोकप्रिय कथेतील तीन मित्र आफ्रिकेत जाऊन गोरिलांमागून गोरिला मारतात. हे करताना त्यांच्या मनात किंतु येत नाही आणि वाचकाच्या मनातही तो येऊ नये अशीच कथेची ठेवण आहे. शिकार हा येथे गुन्हा तर नाहीच. ती मुलाने पुरुष होण्याची परीक्षा आहे. रीडचे पुस्तक निघाल्यापासून चार दशकांच्या आत उत्तर अमेरिकेतील कोट्यवधी गव्यांचे कळप हजाराच्या आत आले, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या पानांत येणे शक्यच नव्हते.

हिंदुस्थानात तर याच काळात शासनच बक्षिसे लावून श्वापदे मारवीत होते. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असा हिशेब इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. कायद्याने संरक्षण दिले ते प्रथम उपयोगाच्या जनावराला. १८७९ साली हत्तींसाठी कायदा झाला, कारण हत्ती ओझी वाहतो आणि लाकूड ओढतो. पक्ष्यांसाठी १८८७ साली आणि पशुपक्ष्यांसाठी १९१२ साली जे कायदे झाले, त्यांचा भर विणीच्या काळात शिकार बंद ठेवण्यावर होता. म्हणजे शिकार टिकावी म्हणून जनावर टिकवावयाचे, अशी ती दृष्टी होती.

इंग्लंडात चोरट्या शिकाऱ्याला एक जुने नाव होते आणि त्याच्याभोवती लोककथांचे वलयही होते, कारण तो ज्याची चोरी करी तो जमीनदार असे. सशा-तितरांवर मालकी सांगणाऱ्या धनिकाला चकविणारा गरीब माणूस लोकांच्या मनात गुन्हेगार ठरत नाही. ही सहानुभूती किती चिवट आहे, हे रोआल्ड डाल याच्या ‘डॅनी, द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड’ या १९७५ सालच्या कादंबरीत दिसते. तीत बाप आणि मुलगा मिळून गर्विष्ठ धनिकाच्या रानातील फेझंट पक्षी पळवितात, आणि वाचक मनापासून चोरांच्या बाजूचा होतो. याच सुमारास अन्य देशांतील बालकथा चोरट्या शिकाऱ्याला खलनायक करीत होत्या. हा विरोध वरवरचा आहे. दोन्हीकडे कृत्य एकच आहे, फरक एवढाच की पक्षी कोणाचे मानावयाचे. जनावर धनिकाचे असेल तर चोर नायक होतो आणि जनावर सर्वांचे असेल तर तोच खलनायक होतो. मराठीने या कृत्याला ‘चोरटी शिकार’ असे नाव दिले आहे. ‘शिकार’ हा शब्द एके काळी राजेरजवाड्यांच्या वैभवाचा होता. त्याच्यामागे ‘चोरटी’ हे विशेषण लागले, त्या एका विशेषणात हा सारा पालट साठविलेला आहे.

३

शिकारी मुलगा राखणदार कसा झाला, हे पाहण्यापूर्वी चोरीस गेलेल्या पाळीव जनावरांच्या कथांकडे वळणे इष्ट ठरेल, कारण तेथे मालकीचा प्रश्न सोपा असतो. ईनिड ब्लायटनच्या ‘द मिस्टरी ऑफ द डिसअपिअरिंग कॅट’मध्ये (१९४४) एक बक्षीसपात्र सयामी मांजर नाहीसे होते. मांजराला मालकीण आहे आणि किंमत आहे, त्यामुळे ही कथा दागिन्याच्या चोरीच्या कथेपेक्षा वेगळी नाही. तिच्यात लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. संशय प्रथम येतो तो बागेत काम करणाऱ्या गरीब पोरावर, आणि खरा चोर निघतो त्याच्यावर गुरगुरणारा माळी. दुबळ्यावर आलेला आळ दूर करणे हे बालरहस्यकथेचे जणू ब्रीदच आहे. चोरट्या शिकारीच्या कथेत हे ब्रीद पुढे फार अडचणीचे ठरावयाचे होते.

डोडी स्मिथ हिच्या ‘द हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये (१९५६) पाऊल आणखी पुढे पडते. कातड्यासाठी पळविलेल्या पिलांचा शोध पोलिसांना आणि मालकांना लागत नाही. तो लावतात कुत्रीच, संध्याकाळी एकमेकांना भुंकून निरोप पोचवीत. येथे फिर्यादी, साक्षीदार आणि गुप्तहेर या तिन्ही भूमिका जनावरांनीच स्वीकारल्या आहेत. अद्भुताचा आश्रय घेऊन लेखिकेने अडचण सोडविली. वास्तववादी कथेला हा मार्ग मोकळा नव्हता. तिला जनावराच्या वतीने बोलणारा माणूसच हवा होता.

तो माणूस प्रथम ठसठशीतपणे दिसतो तो आर्थर रॅन्सम याच्या कथांत. ‘कूट क्लब’मध्ये (१९३४) नॉर्फकच्या पाणथळ मुलखातील मुलांनी पक्ष्यांच्या रक्षणासाठी मंडळ काढले आहे. त्यांच्यातील टॉम हा मुलगा, एका पाणकोंबडीच्या घरट्याला आड येणारी बोट दोर सोडून प्रवाहात सोडून देतो. बोट परक्याची आणि घरटे कोणाचेच नाही, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने अपराधी टॉमच. तेरा वर्षांनी आलेल्या ‘ग्रेट नॉर्दर्न?’मध्ये (१९४७) हीच कल्पना पूर्णत्वास गेली. हेब्रिडीज बेटांवरील एका तळ्यात, ब्रिटनमध्ये कधी घरटे न केलेला एक दुर्मिळ पाणपक्षी अंडी घालताना डिक या मुलाला दिसतो. तो ज्या जाणकारापाशी हे बोलतो, तोच अंडी जमविणारा संग्राहक निघतो. पक्षी मारून आणि अंडी नेऊन आपल्या नावाची नोंद करून घ्यावी, ही त्याची आकांक्षा असते. खलनायक दरोडेखोर नाही, तो ज्ञानाचा उपासक म्हणवितो. मेन रीडच्या मुलांनी ज्यासाठी कातडे आणले, त्याच हेतूला रॅन्समने शंभर वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. या कथेत आणखी एक मार्मिक योजना आहे. बेटावरील रहिवाशांना ही मुले आपली हरणे हुसकावून लावण्यास आली आहेत असे वाटते आणि ते मुलांनाच पकडून ठेवतात. रानाचा परका राखणदार स्थानिकांना चोरासारखा दिसू शकतो, हे रॅन्समने विनोदाच्या ओघात नोंदवून ठेवले. ब्रिटनमध्ये रानपक्ष्यांची अंडी नेणे सर्रास बेकायदा ठरविणारा कायदा १९५४ साली झाला. कथेतील मुले कायद्याच्या सात वर्षे आधी पोचली होती.

४

शिकाऱ्यापासून राखणदारापर्यंतचा सारा प्रवास एकाच लेखकाच्या एकाच मालेत पाहावयाचा असेल, तर विलार्ड प्राइस (१८८७–१९८३) याच्या साहसमालेकडे जावे. ‘ॲमेझॉन ॲडव्हेंचर’ (१९४९) या पहिल्या पुस्तकात हॅल आणि रॉजर हे दोन भाऊ जिवंत जनावरे धरून प्राणिसंग्रहालयांना पुरविणाऱ्या बापाच्या व्यवसायात उतरतात. त्यांचे आडनावच ‘हंट’, म्हणजे शिकार, असे आहे. पण हे शिकारी मारीत नाहीत, धरतात. त्यांचे शत्रू म्हणजे धरलेली जनावरे पळविणारे प्रतिस्पर्धी व्यापारी. रानातून उचललेले जनावर ज्याने उचलले त्याचे, आणि त्याच्याकडून नेले तर ती चोरी, अशी ही व्यवस्था आहे. रोमन कायदा येथे अद्याप जिवंत आहे, फक्त बंदुकीच्या जागी जाळे आले आहे.

सतरा वर्षांनी आलेल्या ‘सफारी ॲडव्हेंचर’मध्ये (१९६६) हेच भाऊ केन्यातील त्सावो राष्ट्रीय उद्यानात चोरट्या शिकाऱ्यांच्या टोळीविरुद्ध उभे राहतात. टोळीचा म्होरक्या शोधणे हे रहस्य आहे. तो अखेरीस निघतो प्राणिसंरक्षणाचा कैवारी म्हणून मिरविणारा एक न्यायाधीश, आणि त्याचे नाव भारतीय आहे. प्रतिष्ठित माणूस गुन्हेगार निघणे ही रहस्यकथेची जुनी युक्ती. तथापि भारतीय वाचकाला ती येथे थोडी बोचते, कारण पूर्व आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या लोकांकडे संशयाने पाहण्याची त्या काळची वृत्ती तिच्यात मिसळली आहे.

प्राइसच्या कथेमागचा खरा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. त्सावोचे उद्यान १९४८ साली स्थापन झाले. तेथील रक्षक डेव्हिड शेल्ड्रिक यांनी १९५६–५७ च्या सुमारास चोरट्या शिकारीविरुद्ध मोठी मोहीम चालविली. ज्यांच्याविरुद्ध ती होती, ते बहुतांशी वलियांगुलु जमातीचे लोक होते. प्रचंड धनुष्ये आणि झाडाच्या अर्कात बुडविलेले विषारी बाण घेऊन हत्ती मारणे हे त्यांचे पिढीजात कसब, त्यांच्या गाण्यांचा, मानापमानाचा आणि उपजीविकेचा विषय. उद्यानाची सीमा आखली गेली तेव्हा त्यांचे रान सीमेच्या आत राहिले आणि त्यांचे कसब गुन्हा ठरले. हस्तिदंत मात्र किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांकडे जात असे आणि खरा नफा तेथे होत असे. धनुर्धर तुरुंगात गेले. पुढे १९६० च्या सुमारास गलाना नदीच्या परिसरात त्यांना नियमित, कायदेशीर शिकारीत सामावून घेण्याची योजनाही निघाली, म्हणजे या लोकांना केवळ गुन्हेगार मानणे न्याय्य नाही हे खुद्द त्या मोहिमेशी संबंधित माणसांनाही उमगले होते.

चोरट्या शिकारीच्या बालकथेची खरी कसोटी येथे लागते. दुबळ्यावरील आळ दूर करणे हे बालरहस्यकथेचे ब्रीद आहे, असे वर म्हटले. या कथेत तर बाण मारणारा हात बहुधा दुबळ्याचाच असतो, आणि तो आळ खोटाही नसतो. साधारण लेखक अशा वेळी काळ्या दाढीचा राक्षस उभा करून मोकळा होतो. चांगला लेखक माग बाणापाशी थांबू देत नाही, तो शिंग किंवा दात जेथे विकला जातो तेथपर्यंत नेतो. मारणारा कोण, एवढ्यावर रहस्य संपले तर कथा पोलिसी राहते. कोणासाठी मारले, हे विचारले गेले की ती नैतिक होते.

५

भारतात या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बदलले. पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. कथावाङ्मयाने हा बदल किती त्वरेने टिपला, याची साक्ष सत्यजित राय यांची ‘रॉयल बेंगॉल रहस्य’ (१९७४) ही फेलूदाची बंगाली कथा देते. उत्तर बंगालच्या रानाशेजारी राहणारा एक जमीनदार शिकारकथांचा लेखक म्हणून नावाजलेला आहे. फेलूदा गुप्तधनाचे कोडे सोडवीत असता अखेरीस उलगडा होतो तो असा, की वाघ मारणारा हात दुसऱ्या एकाचा आणि लिहिणारा हात तिसऱ्याचाच होता. कायद्याने शिकार बंद केली, राय यांनी शिकाऱ्याची कीर्तीच खोटी ठरविली. चार वर्षांनी आलेल्या ‘छिन्नमस्तार अभिशाप’मध्ये हजारीबागेत सर्कशीचा वाघ पिंजऱ्यातून सुटतो. वाघाच्या शिक्षकाला राय यांनी करांडीकर हे मराठी आडनाव दिले आहे. १८८० च्या सुमारास विष्णुपंत छत्रे यांनी उभ्या केलेल्या सर्कशीपासून या व्यवसायाशी जडलेल्या महाराष्ट्राच्या नात्याचे ते स्मरण मानावयास हरकत नाही. पिंजऱ्यातला वाघ मालकीचा असतो. तो कुंपणाबाहेर पडताच गोळी घालावी की जिवंत धरावा, हा प्रश्न उभा राहतो. मालकीचे जनावर आणि मोकळे जनावर यांच्यातील सीमारेषा किती पातळ आहे, हे या प्रसंगाने दाखविले.

परंतु चोरट्या शिकारीलाच कथेचा कणा करणारी भारतीय बालकादंबरी म्हणून ज्या पुस्तकाचे नाव प्रथम घ्यावे लागते, ते अरूपकुमार दत्त या आसामच्या लेखकाचे ‘द काझीरंगा ट्रेल’. मूळ इंग्रजीत लिहिलेली ही कादंबरी चिल्ड्रन्स बुक ट्रस्टने १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालक वर्षातच, प्रसिद्ध केली. धनाई, बुबुल आणि जोंती हे तीन मुलगे हत्तीवरून फिरत असता त्यांना शिंग कापून नेलेल्या गेंड्याचे प्रेत आढळते, आणि ते शिकाऱ्यांच्या मागावर निघतात. या आरंभाचे महत्त्व दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट मुलांच्या स्थानाची. प्राइसचे भाऊ न्यूयॉर्कहून येतात, रॅन्समची मुले जहाजातून बेटावर उतरतात. दत्त यांचे मुलगे तेथलेच आहेत. गवत किती उंच वाढते, पाणी कोठे साचते, हत्ती कोणत्या वाटेने बिचकतो, हे त्यांना शिकावे लागत नाही. रान हे त्यांच्या दृष्टीने साहसाचे परके क्षेत्र नसून शेजार आहे. शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली तर शेजारी ओरडतो. फिर्यादी होण्याचा त्यांचा अधिकार या शेजारातून येतो, शौर्यातून येत नाही. रॅन्समच्या बेटावर राखणदार आणि रहिवासी यांच्यात जी फट पडली होती, ती येथे बुजली आहे.

दुसरी गोष्ट गेंड्याची आहे. गेंड्याचे शिंग हाडाचे नसते. माणसाचे नख ज्या द्रव्याचे बनते त्याच केराटिन नावाच्या द्रव्याचे ते असते. पूर्व आशियातील पारंपरिक औषधांत त्याला असलेल्या मागणीमुळे त्याची किंमत वाढली. ते आकाराने लहान असते, पिशवीत मावते, सहज सीमेपलीकडे जाते. प्रचंड देह मात्र शिकाऱ्याला निरुपयोगी म्हणून जागेवरच पडून राहतो. रहस्यकथेच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची आहे. प्रेत समोर आहे, मुद्देमाल प्रवासाला निघाला आहे, आणि दोहोंच्या मधले अंतर म्हणजेच कथानक. या निवडीमुळे माग रानातून बाजारापर्यंत आपोआप जातो.

काझीरंगाचा इतिहासही या कथेला पाठबळ देणारा होता. १९०५ साली राखीव वनाचा प्रस्ताव झाला, १९०८ साली ते राखीव वन ठरले, १९१६ साली शिकार-अभयारण्य, १९५० साली वन्यजीव अभयारण्य आणि १९७४ साली राष्ट्रीय उद्यान. या नावांच्या क्रमातच दृष्टीचा पालट वाचता येतो. १९६६ च्या गणनेत तेथे ३६६ गेंडे होते, २०२२ च्या गणनेत २,६१३ झाले. २०२१ च्या सप्टेंबरात आसाम शासनाने साठ्यातील २,४७९ शिंगे बोकाखात येथे जाहीरपणे जाळली. या शिंगांना आमच्या लेखी काही किंमत नाही, हे बाजाराला ठणकावून सांगण्याची ती रीत होती.

६

येथे कायद्यातील दोन कलमांकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण या वाङ्मयप्रकाराचे मर्म त्यांत आहे. १९७२ च्या अधिनियमाच्या ३९ व्या कलमानुसार कायदा मोडून मारलेले जनावर शासनाची मालमत्ता होते. जिवंतपणी ज्याला मालक नव्हता त्याला मरणानंतर मालक मिळाला. ५५ वे कलम फिर्यादीविषयी आहे. मूळच्या अधिनियमात न्यायालयाने अपराधाची दखल घ्यावयाची ती मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरूनच. म्हणजे १९७९ साली धनाई, बुबुल आणि जोंती यांना वर्दी देता आली असती, पण या कायद्याखाली त्यांची फिर्याद न्यायालयाने ऐकली नसती. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वन्यजीवांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले होते, परंतु कर्तव्याला लागून येणारा फिर्यादीचा हक्क सामान्य माणसाला १९९१ च्या दुरुस्तीने मिळाला, तोही साठ दिवसांची पूर्वसूचना देण्याच्या अटीवर. हेब्रिडीजच्या तळ्याकाठी रॅन्समची मुले कायद्याच्या पुढे होती, तशीच काझीरंगाच्या गवतात दत्त यांची मुलेही होती. कथेने ज्याला फिर्यादी केले, त्याला कायद्याने बारा वर्षांनी ओळखले.

मराठी बालवाङ्मयाचा विचार या संदर्भात दोन अंगांनी करावा लागतो. भा. रा. भागवत यांनी १९५१ साली ‘बालमित्र’ हे मासिक काढले, ज्यूल व्हर्नची साहसे मराठीत आणली आणि फुरसुंगीचा बनेश उर्फ फास्टर फेणे हा नायक घडविला. या नायकाने मराठी मुलाला फिर्यादी होण्याची सवय लावली. मोठ्यांना जे दिसत नाही ते दिसणे, आणि दिसल्यावर गप्प न बसणे, हा त्याचा धर्म. दुसऱ्या अंगाला व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांचे अरण्यवाचन आहे. माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या वानरांच्या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. तिच्यातील जनावर माणसाचे रूपक होण्याचे नाकारते आणि आपल्याच जगण्यात उभे राहते. फेणेचे धावते पाय आणि माडगूळकरांचे स्थिर डोळे एका कथेत एकत्र आले, तर चोरट्या शिकारीची उत्तम मराठी रहस्यकथा जन्मास येईल. पुण्याचे दीपक दलाल यांनी विक्रम-आदित्य मालेतील ‘रणथंभोर ॲडव्हेंचर’ या कादंबरीत वाघांच्या चोरट्या शिकारीचा विषय घेतला आहे, परंतु त्यांचे लेखन इंग्रजीत आहे.

वाघाची कथा ही गेंड्याच्या कथेपेक्षा अवघडही आहे. मारलेल्या वाघाचे काहीच मागे उरत नाही. कातडे, हाडे, नखे, मिशा, सर्वांना गिऱ्हाईक असल्याने सर्वच जाते. गेंड्याच्या कथेचा आरंभ प्रेताने होतो, वाघाच्या कथेचा आरंभ अभावाने करावा लागतो. हा अभाव किती काळ नजरेआड राहू शकतो, हे राजस्थानातील सरिस्का येथे देशाने अनुभवले. कागदोपत्री वाघांची संख्या मांडली जात असताना रानात एकही वाघ शिल्लक उरला नव्हता, हे २००५ साली उघड झाले. तेथे २००८ पासून रणथंभोरहून वाघ आणून सोडावे लागले. कोणत्याही कल्पित रहस्यकथेपेक्षा हे रहस्य भयंकर आहे. नाहीसे झालेल्यांची कोणी फिर्यादच केली नव्हती, कारण ते नाहीसे झाले आहेत हेच मान्य करावयास कोणी तयार नव्हते.

या पार्श्वभूमीवर बालकथेच्या सुखान्ताकडे पाहिले पाहिजे. टोळी पकडली जाते, मुलांची पाठ थोपटली जाते आणि पुस्तक मिटते. वास्तवात म्होरक्याच्या जागी दुसरा म्होरक्या येतो, आणि तुरुंगात बहुधा तो जातो ज्याच्या हाती बाण होता. या दोषाचे माप कथेच्या पदरात पूर्ण टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. मुलाला बाजाराचे अर्थशास्त्र शिकविणे हे कथेचे प्रथम कर्तव्य नव्हे. तिने त्याला एक गोष्ट शिकविली तरी पुरे : जे कोणाचेच नाही असे म्हणतात, ते गेले असता ते गेल्याचे सांगणे. एमिलपाशी टाचणीची भोके होती. रानातील जनावराच्या अंगावर मालकीची अशी खूण नसते. ते होते, एवढीच त्याची खूण, आणि ज्याने त्याला पाहिलेले असते तोच तिची साक्ष देऊ शकतो. मेन रीडच्या मुलांनी पांढरा गवा पाहिला तो कातड्यासाठी. धनाई, बुबुल आणि जोंती यांनी गेंडा पाहिला तो शेजारी म्हणून. या दोन पाहण्यांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते तोडण्यात बालवाङ्मयाचा वाटा कायद्याच्या वाट्याहून कमी नाही.